माहेरी निघालेल्या लेकीची फाईल

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज पुण्यात अजून चांगलाच टिकून आहे. हिंजवडी, चाकण, हडपसर, पिंपरी-चिंचवड या भागांत संसार थाटलेल्या कितीतरी मुली मूळच्या लातूर, नांदेड, अकोला, जळगावकडच्या. सातव्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि आठवडाभरात मुलगी रात्रीच्या बसने माहेरी निघते. बॅगेत झबली-टोपडी असतात, कुणी दिलेला डिंक-खारकेचा डबा असतो आणि तळाशी कुठेतरी दवाखान्याची प्लॅस्टिकची फाईल. हे पत्र त्या फाईलीबद्दल आहे.

सातवा महिना म्हणजे डॉक्टरी हिशेबाने साधारण २७ ते ३० आठवडे. गरोदरपणातले बरेचसे धोके याच सुमाराला डोके वर काढतात. रक्तदाब बहुधा शेवटच्या तिमाहीत चढतो. साखरेची दुसरी तपासणी २४ ते २८ आठवड्यांत करायची असते, निगेटिव्ह रक्तगटाचे इंजेक्शन २८ व्या आठवड्यात द्यायचे असते, खाली असलेली वार वर सरकली का हे ३२ व्या आठवड्याला पाहायचे असते. बाळाची वाढ मंदावत असेल तर तीही इथूनच दिसू लागते. आणि नेमका तेव्हाच डॉक्टर बदलतो. पुण्याच्या डॉक्टरांना वाटते, पुढचे तिकडे बघतील. तिकडच्यांना वाटते, हे सगळे पुण्यात झालेच असणार. मधल्या मधे एखादी गोष्ट राहून जाते आणि ती राहिली हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून पुण्यातल्या सर्व प्रसूतितज्ज्ञांना, महापालिकेच्या प्रसूतिगृहांना आणि आशाताईंना आमची कळकळीची विनंती आहे. माहेरी निघणाऱ्या प्रत्येक बाईच्या फाईलीत सगळ्यात वर एक पान लिहून द्या. घरच्यांनीही ते मागून घ्यावे, त्यात संकोच कसला? ‘सर्व नॉर्मल, पुढील तपासणी माहेरी’ या एका ओळीने भागत नाही.

पानावर पहिली हवी ती तारीख. सोनोग्राफीचे यंत्र त्या दिवशीच्या मापांवरून दर वेळी बाळंतपणाची नवी तारीख छापते. चार रिपोर्ट, तर चार तारखा. घरचे शेवटची धरतात, कारण ती ताजी. भरवशाची मात्र सगळ्यात आधीची. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून काढलेली तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. आठव्या महिन्यातल्या मापांवरची तीन आठवडेही चुकू शकते. शेवटच्या पाळीची तारीख नक्की आठवत असेल आणि ती पहिल्या सोनोग्राफीशी जुळत असेल, तर पाळीवरूनच हिशेब करावा. एकदा पक्की केलेली तारीख पुढे हलवायची नाही. हलवली तर काय होते पाहा. दिवस ३४ आठवड्यांचे आणि बाळ भरले ३१ आठवड्यांएवढे. नवे डॉक्टर शेवटची तारीख धरतात आणि म्हणतात, बाळ छान आहे, दिवस कमी आहेत. प्रत्यक्षात वारेतून पुरेसे रक्त मिळत नसल्याने बाळ खंगत असते. अशा बाळाची डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी करावी लागते, वाढ दोन-दोन आठवड्यांनी मोजावी लागते, कधी वेळेआधी बाळंतपण करावे लागते. चुकीच्या तारखेपायी यातले काहीच होत नाही. ‘पक्की तारीख अमुक, पाळीवरून किंवा पहिल्या सोनोग्राफीवरून, बदलू नये’ असे ठळक लिहा.

घरी ‘सातवा लागला’ आणि ‘सात भरले’ यांत महिन्याचा फरक असतो, त्यामुळे डॉक्टरांशी बोलताना आठवडेच सांगावेत. सोनोग्राफीची गुळगुळीत चित्रे बहुधा थर्मल कागदावर असतात. ऊन लागले, प्लॅस्टिकला चिकटली की विटून जातात. चित्र गेले तरी चालेल, टाईप केलेला रिपोर्ट जपा. सगळ्या पानांचे फोटो काढून आईच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्याही फोनवर ठेवा.

आता रक्तदाब. इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतणाऱ्या आजारांत हा वरच्या क्रमांकाचा आहे. शेवटचा एकच आकडा न लिहिता पहिल्या भेटीपासूनचे सगळे एका ओळीत लिहा. तिसऱ्या महिन्यात १००/६० असलेल्या बाईचे बीपी आठव्या महिन्यात १३४/८६ आले, तर तो आकडा एकटा पाहून कुणीही नॉर्मलच म्हणेल. ओळीत पाहिला की चढण दिसते आणि मग पुढची तपासणी महिन्याने नाही, आठवड्याच्या आत ठेवावीशी वाटते. २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा जास्त, चार तासांच्या अंतराने दोनदा भरले की तो गरोदरपणातला उच्च रक्तदाब. त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट यांवर परिणाम दिसला, की त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. १६०/११० ही तातडीची वेळ. औषध तासाभराच्या आत पोटात किंवा शिरेत गेलेच पाहिजे.

आकडा खरा यायचा तर मोजण्याची पद्धत हवी. जिना चढून आलेल्या बाईला लगेच पट्टा गुंडाळू नये. तिला लघवीला जाऊन येऊ द्यावे, पाच मिनिटे शांत बसू द्यावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नको, मोजताना बोलणे नको. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की तीच दंडाला आवळते. दंडाचा घेर ३३ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा घ्यावा, लहान पट्ट्याने आकडा फुगतो. याउलट, डाव्या कुशीवर निजवून वरच्या, उजव्या हाताला मोजले तर तो हात हृदयाच्या वर राहतो, आकडा कमी येतो आणि आजार लपतो. घरी यंत्र घ्यायचे तर मनगटाचे नको, दंडाचे घ्या आणि दवाखान्यातल्या यंत्राशी एकदा ताडून पाहा.

पावलांवरची सूज बहुतेकींना येते, तिने एकटीने घाबरायचे कारण नाही. चेहरा सुजला, बोटातली अंगठी निघेनाशी झाली, डोके थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले, लघवी कमी झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सगळ्यांत फसवे असते ते छातीखाली मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली होणारे दुखणे. घरात त्याला पित्त म्हणतात आणि ओवा, सोडा, ॲसिडिटीची गोळी सुरू होते. तिथे यकृत सुजून त्याचे आवरण ताणले जात असते. आठव्या-नवव्या महिन्यात ‘पित्त’ उठले तर आधी बीपी मोजायचे, मग गोळीचा विचार.

लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा ही गरोदरपणात चालणारी औषधे. नाव, मिलिग्रॅम आणि वेळ तिन्ही लिहा. माहेरी गेल्यावर ‘बीपी आता नॉर्मल आहे’ म्हणून गोळी बंद केली जाते, पण ते नॉर्मल असते गोळीमुळेच. गोळी संपली म्हणून वडिलांना सुरू असलेली टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल घेणे तर फारच धोक्याचे, त्याने बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते. मागच्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया झालेला, जुना बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, जुळे, अशांपैकी काही असेल तर १२ आठवड्यांपासून रात्री ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलेले असते. ते ३६ आठवड्यांपर्यंत चालू ठेवायचे, हेही लिहून द्यायला हवे. आणखी एक ओळ लाल शाईने: ‘मेथर्जिन नको’. बाळंतपणानंतर रक्तस्राव रोखायला हे इंजेक्शन आपल्याकडे सर्रास दिले जाते, पण बीपी असलेल्या बाईचा रक्तदाब त्याने एकदम उसळतो आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तिला स्नायूत १० युनिट ऑक्सिटोसिन चालते. नव्या दवाखान्याला आधी बीपी होते हे ठाऊकच नसेल, तर रात्री दोन वाजता मेथर्जिन कोण थांबवणार?

बीपी चढून गरोदर बाईला आकडी आली तर नाकाला कांदा-चप्पल लावू नका, दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका. डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू दूर करा, १०८ ला फोन करा. यावरचे औषध मॅग्नेशियम सल्फेट, स्वस्त आणि जुने. ५० टक्क्यांच्या २ मिलिलिटरच्या एका ॲम्प्यूलमध्ये १ ग्रॅम असते. पहिली मात्रा म्हणून दोन्ही कुल्ल्यांत खोलवर ५-५ ग्रॅम, म्हणजे दहा ॲम्प्यूल, प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतात. शिरेतून सावकाश आणखी ४ ग्रॅम देता आले तर उत्तम. पुढच्या मात्रेआधी गुडघ्यावर हलके ठोकल्यावर पाय उडतो का, श्वासाचा वेग आणि लघवी पाहायची, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम हाताशी ठेवायचे. चूक होते ती अशी, की पहिली मात्रा न देताच बाईला पुढे पाठवले जाते आणि वाटेत पुन्हा आकडी येते. नातेवाईकांनी गाडी हलण्याआधी ‘मॅग्नेशियम दिले का? किती वाजता? चिठ्ठीवर लिहिले का?’ हे तीन प्रश्न विचारावेत.

साखरेबाबत गैरसमज असा, की तिसऱ्या महिन्यात नॉर्मल आली म्हणजे सुटलो. वार जसजशी वाढते तसतशी तिची संप्रेरके इन्सुलिनला विरोध करतात, म्हणून २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासावेच लागते. आपल्या शासकीय पद्धतीत उपाशी राहायची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच-दहा मिनिटांत संपवायचे आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचे. १४० किंवा जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. नंतर झाली तर तीच तपासणी पुढे चालू. आहार सांभाळून दोन आठवड्यांत जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली आली नाही, तर औषध सुरू होते. माहेरी ‘दोन जिवांचे खा’ म्हणून ताटात शिरा, लाडू, आमरस येतो, त्यामागची माया खरी आहे. पण साखर चढली की बाळ अंगाने मोठे होते, बाळंतपणात खांदा अडकतो आणि जन्मल्यावर बाळाचीच साखर घसरते. आईला हे कुणीतरी नीट बसून सांगावे. इन्सुलिन घेत असेल तर वापरातले पेन घरच्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकते, पण मराठवाड्या-विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये ‘घरचे तापमान’ चाळिशीला टेकते. फ्रीज नसेल तर पाण्याने ओल्या ठेवलेल्या मडक्यात, कोरड्या डबीत घालून ठेवा.

रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर आधी इनडायरेक्ट कूम्ब्ज तपासणी (आईच्या रक्तात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत का ते पाहणारी) आणि ती निगेटिव्ह असल्यास २८ व्या आठवड्यात ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी. बाळ पॉझिटिव्ह निघाले तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. मधल्या काळात रक्तस्राव झाला, पोटावर मार बसला, तरीही. पहिल्या बाळाला बहुधा काही होत नाही, म्हणूनच हे इंजेक्शन राहते आणि किंमत दुसरे बाळ मोजते. पुण्यातून निघण्याआधीच घेऊन टाका. तारखेसह स्टिकर पानावर चिकटवा.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे पंडुरोग, ७ च्या खाली म्हणजे तीव्र. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवावी. लिंबूपाण्याबरोबर ती चांगली भिनते. शौचास काळी होते, ते नेहमीचेच. महिनाभर नियमित घेऊनही आकडा साधारण १ ने वाढला नाही तर दुसरे कारण शोधावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास चालवला, त्यात बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. शाकाहारी घरात तर ती आधी तपासावी. विदर्भ-खानदेशातल्या मुलींची सिकलसेलची (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का, हेही पाहावे. ३० आठवड्यांनंतर आकडा ८ असेल तर गोळ्यांवर विसंबायला वेळ उरत नाही. शिरेतून लोह द्यावे आणि ते पुण्यात देऊनच पाठवावे, कारण त्यानंतर हिमोग्लोबिन चढायला दोन-तीन आठवडे लागतात. १२ हिमोग्लोबिनची बाई अर्धा लिटर रक्त गेले तरी सावरते, ७ ची त्याच रक्तस्रावात कोसळते.

काहीजणींनी लांबचे माहेर गाठूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, त्यातही आधीचे सिझर असेल तर वार जुन्या व्रणात रुतलेली असू शकते. अशा बाळंतपणाला मोठे रुग्णालय, भूलतज्ज्ञ आणि रक्ताच्या अनेक पिशव्या तयार लागतात. गोळ्या घेऊनही न आवरणारे बीपी, डॉपलर बिघडलेले बाळ, हृदयाचा आजार, कूम्ब्ज पॉझिटिव्ह, ३२ आठवड्यांच्या पुढची जुळी, यांनाही हेच लागू. यांच्यासाठी आईनेच पुण्यात येऊन राहावे. खर्चाची काळजी असेल तर सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त, जेवण मोफत आहे. हा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे आणि गुंतागुंतीच्या केसेस ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवता येतात.

ज्या जातील त्यांनी तिकडचा दवाखाना निघण्याआधीच फोनवर ठरवावा आणि पोहोचल्यावर आठवडाभरात दाखवावे. विचारायचे ते एवढे: रक्तपेढी किती अंतरावर, रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, कमी दिवसांच्या बाळाची सोय कुठे, ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये ठेवता ना आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ठेवता ना. ऑक्सिटोसिन उन्हात राहिले की निकामी होते, मग इंजेक्शन देऊनही गर्भाशय आवळत नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा १ ग्रॅम रक्तस्राव सुरू झाल्यावर लगेच, बाळंतपणापासून तीन तासांच्या आत दिला तरच उपयोगाचा.

पावसाळ्यात निघणाऱ्यांसाठी एक जादा ओळ. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात एरंडवण्यापासून झिकाचे (डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूचे) रुग्ण सापडू लागले आणि त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. गरोदरपणात पुण्यात असताना ताप, पुरळ, डोळे लाल असे काही झाले असेल तर तारखेसह लिहा. दूरच्या गावी हे कुणाच्या मनातही येणार नाही आणि बाळाच्या डोक्याची वाढ पुढच्या सोनोग्राफीत मुद्दाम पाहायची राहून जाईल. अंगावर पुरळ नसताना रात्री तळहात-तळपाय खाजत असतील तर उष्णता म्हणून सोडू नका, पित्तरसाची (बाइल ॲसिड) तपासणी मागा. त्याचे प्रमाण फार चढले तर बाळ पोटात दगावू शकते. आणि २८ आठवड्यांनंतर बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली, तर काही खाऊन डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. दोन तासांत दहा भरल्या नाहीत तर त्याच वेळी निघा, सकाळची वाट पाहू नका.

बाळंतपण झाले की फाईल बहुतेक घरांत कपाटात जाते. पण बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत जास्त चढते, म्हणजे बाई घरी आल्यावर. बाळंतिणीचे डोके दुखले की ‘कानाला वारा लागला’ म्हणून कान बांधून शेक-शेगडी होते. बसल्यावर वाढणारे आणि आडवे पडल्यावर थांबणारे दुखणे कमरेत दिलेल्या भुलीचे असू शकते; आडवे पडूनही न थांबणारे, डोळ्यांपुढे अंधारी आणणारे दुखणे बीपीचे असू शकते, आणि आकडी बाळंतपणानंतरही येते. तिसऱ्या, सातव्या दिवशी आणि गोळ्या चालू असतील तर त्यानंतरही बीपी मोजावे, आशाताई घरी येतात तेव्हा मोजून घ्यावे. तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, एकाच पिंढरीत सूज आणि दुखणे असेल, थंडी वाजून ताप असेल, तर सुइणीचा किंवा शेजारणीचा सल्ला पुरे नाही.

सव्वा महिन्याला सुवेर संपते, त्याच सुमाराला सहा आठवडे भरतात. ज्यांना साखर होती त्यांची ७५ ग्रॅमची तपासणी तेव्हा पुन्हा करायची, या वेळी उपाशीपोटी. बीपीच्या गोळ्या कमी करायच्या की चालू ठेवायच्या, तेही तेव्हाच ठरते. पण मुलगी तिकडे असते, बाळाच्या बारशाची गडबड असते, आणि पुण्यात परतते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. तोवर दोन्ही राहून गेलेले असते. तेव्हा पानाच्या शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांनंतरची तारीख आधीच लिहून द्यावी आणि पाठीमागची बाजू कोरी सोडावी. बाळंतपण कसे झाले, रक्त किती गेले, कोणती इंजेक्शने दिली, बाळाचे वजन, अँटी-डीची तारीख, हे माहेरच्या डॉक्टरांनी तिथे लिहायचे आहे. पुढच्या खेपेला पुण्याच्या डॉक्टरांना पहिल्यांदा तेच वाचायला लागणार आहे.

– प्रसूतिगृहात काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका, पुणे